पाणी वाढलं का?

वाचकाचं पत्र:

डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ३१. तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान आहे. पत्नी २७ वर्षांची. चार वर्षं औषधोपचार केल्यावर तिला दिवस राहिले. १९ आठवडे पूर्ण झाले त्या रात्री तिच्या अंगावरून पाणी गेलं. आधी तिला लघवीच वाटली. सकाळी दवाखान्यात नेलं तर पाणमोट फुटली म्हणाले. आज सहावा दिवस. ती अॅडमिट आहे. सोनोग्राफीत पाण्याचा कप्पा दीड सेंटीमीटर, बाळाचे ठोके चांगले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ‘शंभरात वीस-पंचवीस वाचतात. वाचलं तरी मतिमंद निघू शकतं. काय ते घरात ठरवा.’ जिल्ह्याला दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले, ते म्हणाले थांबून बघा. नेटवर एके ठिकाणी शंभरात नव्वद वाचतात असं आहे, दुसरीकडे एकही वाचत नाही. आई म्हणते, हिला काही सांगू नकोस, धीर सोडेल. मिरजेला एस.टी.ने लग्नाला गेली म्हणून असं झालं, असंही आई म्हणते. रोज सकाळी डॉक्टर बघून गेले की पत्नी मला विचारते, ‘पाणी वाढलं का?’ मी म्हणतो, ‘हो, थोडं.’ बाळ नॉर्मल होईल का? आणि मी करतोय ते बरोबर आहे का?

उत्तर:

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला आणि तातडीचं तेवढं बोलले. उरलेलं इथे सविस्तर लिहिते. हे उत्तर तुम्हाला आजच पाठवते आहे. सदरात छापायला तुम्ही हरकत नाही म्हणालात, ते बरं झालं, कारण अशी पत्रं मला वर्षातून दोन-चार येतातच, आणि जवळजवळ सगळी नवऱ्यांची असतात. जिच्या पोटात बाळ आहे तिचं पत्र येत नाही. का येत नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी तुमच्या मातोश्रींचं. एस.टी.ने पाणमोट फुटत नाही. तसं असतं तर आपल्या रस्त्यांवर एकाही बाईचा नववा महिना लागला नसता. खालून वर चढलेला जंतुसंसर्ग, आधी होऊन गेलेला रक्तस्राव, गर्भपिशवीचं तोंड आखूड असणं, धूम्रपान, मागच्या वेळी असंच झालेलं असणं ही माहीत असलेली कारणं. पुष्कळदा काहीच सापडत नाही. मिरजेचं लग्न या यादीत नाही. हे त्यांना तुम्हीच सांगा, आणि पत्नीच्या देखत सांगा. तिच्या कानावर ते वाक्य गेलेलं नसेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार भाबडे आहात.

आता आकडे. तुम्हाला तीन ठिकाणी तीन आकडे मिळाले आणि कोणीतरी खोटं बोलतंय असं वाटलं. खोटं बहुधा कोणीच बोलत नाही. शाळेचा दहावीचा निकाल कसा लावतात ते आठवा. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास, असं काढलं तर शंभर टक्के. पाचवीत नाव घातलेल्यांपैकी किती पास, असं काढलं तर निम्मेही नाहीत. शाळा तीच, मुलं तीच. इथेही तसंच आहे. काही अभ्यास जन्मून नवजात विभागात पोहोचलेल्या बाळांपासून मोजायला लागतात. तोवर बरीच बाळं गळालेली असतात, म्हणून आकडा मोठा दिसतो. तुमची पत्नी मात्र पाणी गेल्याच्या दिवसापासून मोजते आहे. तिला लागू पडेल तो आकडा त्या दिवसापासूनचाच हवा.

असा आकडा ब्रिटनमधल्या एका अभ्यासात मिळतो. २०१९ ते २०२१ या काळात देशभरातल्या प्रसूती विभागांतून त्यांनी नोंदी गोळा केल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या. १६ आठवडे पूर्ण झाल्यापासून २३ वा पूर्ण व्हायच्या आत ज्यांची पाणमोट फुटली, अशा एकच बाळ पोटात असलेल्या ३२६ बायका. ज्यांनी गर्भ काढून टाकायचं ठरवलं त्या वगळल्या, तर उरलेल्यांपैकी ४४ टक्क्यांची बाळं जिवंत जन्मली. घरी गेली ती सुमारे २६ टक्के. आणि मोठं दुखणं मागे न ठेवता घरी गेली ती सुमारे १८ टक्के. म्हणजे तुमच्या डॉक्टरांचा ‘वीस-पंचवीस’ हवेतला नव्हता. फक्त त्यामागे काय आहे ते त्यांनी उलगडून सांगितलं नाही, आणि सांगितलं तेही जिला सांगायचं तिला नाही.

या आकड्यात दोन गोष्टी दडल्या आहेत. एक, त्यात १६ आठवड्यांवाली बाई आहे आणि २२ वालीही आहे. त्या दोघींचं नशीब सारखं नाही. तुम्ही मधल्या जागी आहात. दुसरी गोष्ट, तो ब्रिटनचा आकडा आहे. तिथे २२-२३ आठवड्यांच्या बाळासाठीसुद्धा प्रयत्न करायचे का, हा विचार आईवडिलांबरोबर बसून होतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या मोजक्या नवजात विभागांत २४-२५ आठवड्यांची बाळं वाचतात. जिल्ह्याच्या ठिकाणी २८ चं वाचलं तरी सिस्टर पेढे वाटतात. म्हणून ‘शंभरात किती’ यापेक्षा ‘कुठे जन्मलं तर शंभरात किती’ हा प्रश्न तुमच्या उपयोगाचा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. डोक्यात दोन तारखा वेगवेगळ्या ठेवा: पाणी गेलं ती, आणि बाळ जन्मेल ती. पहिल्या तारखेवर फुप्फुसं ठरतात. दुसरीवर बाकी बरंच काही ठरतं: मेंदू, डोळे, आतडी, जगण्याची ताकद. पहिली तारीख आता कोणाच्याच हातात नाही. दुसरी अजून यायची आहे.

गर्भजलाचा बराचसा भाग पाचव्या महिन्यापासून बाळाच्या लघवीचा असतो. बाळ ते गिळतं, पुन्हा सोडतं. त्याच्या फुप्फुसांतही एक द्रव तयार होत असतो, आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे तो आत साठून राहतो. फुप्फुस त्या साठलेल्या द्रवाने ताणलं जातं आणि ताणामुळे वाढतं. १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान श्वासनळ्यांची टोकं फुटत जातात आणि त्यांच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं विणलं जातं. नेमक्या याच काळात पिशवी गळायला लागली तर आतला द्रवही निघून जातो आणि फुप्फुस लहानच राहू शकतं. पाण्याचा सर्वात खोल कप्पा दोन सेंटीमीटरच्या खाली बरेच आठवडे राहिला तर ही भीती वाढते. तुमचा दीड आहे. म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा तो कप्पा मोजतात. त्यांना बाळाचं वजन कळतं, ठोके कळतात, पण फुप्फुस पुरेसं झालं की नाही हे जन्मापूर्वी कोणालाच नक्की सांगता येत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २४ आठवड्यांच्या आत पाणी गेलेल्यांत फुप्फुसं अपुरी राहण्याचं प्रमाण १० ते २० टक्के धरलं आहे. म्हणजे बहुसंख्य बाळांची फुप्फुसं निभावण्याइतकी होतात. जी होत नाहीत त्यांच्यापुढे आम्ही हरतो, हेही खरं.

अंबू बॅग, म्हणजे बाळाला हाताने श्वास देण्याची रबरी पिशवी, दाबताना हाताला ते कळतं. चांगल्या फुप्फुसात हवा जाते तेव्हा बोटांखाली पिशवी मऊपणे बसते आणि छाती उचलते. अपुऱ्या फुप्फुसांत पिशवी दगडासारखी लागते. दाब वाढवला तरी छाती हलत नाही. माझ्या हाताला असं तीन-चारदा लागलेलं आहे आणि त्या बाळांपैकी एकही वाचलं नाही. पण एकदा पिशवी तशीच कडक लागली, आम्ही यंत्रावर ठेवलं, नायट्रिक ऑक्साइड हा फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू दिला, आणि तिसऱ्या दिवशी तेच फुप्फुस उघडलं. पाणी नसल्यामुळे नुसती मिटून राहिलेली फुप्फुसं अशी मागाहून उघडतात. पहिल्या तासात दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे पहिल्या तासात कोणी छातीठोकपणे काही सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका, मग ते चांगलं असो की वाईट.

‘मतिमंद’ हा शब्द डॉक्टरांनी वापरला असेल तर तो टाळायला हवा होता. शब्द जुना आहे आणि इथे चुकीचाही आहे. पाणी कमी आहे म्हणून मेंदू कमी होत नाही. मेंदूला धोका असतो तो फार लवकर जन्मण्याचा आणि जंतुसंसर्गाचा. ब्रिटनच्या नवजाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आईवडिलांना सांगण्यासाठी आकडे ठरवले. पूर्ण उपचार मिळाले तर २३ आठवड्यांची दहात चार बाळं जगतात, २४ ची दहात सहा, २६ ची दहात आठ. जगलेल्यांत गंभीर अपंगत्व २३ ला चारात एक, २४ ला सातात एक, २६ ला दहात एक. हे सगळ्याच अकाली बाळांचे आकडे आहेत. पाणी आधी गेलेल्या बाळांना त्यावर फुप्फुसांचा भार जास्तीचा. पण एकेका आठवड्याने आकडा कसा सरकतो तेवढं पाहा. जन्माची तारीख पुढे ढकलली जाणं म्हणजे काय, ते यात आहे.

जाता जाता: सातव्या महिन्यातलं मूल जगतं आणि आठव्यातलं जगत नाही, असं तुमच्याकडेही कोणीतरी म्हणणारच. साफ खोटं आहे. आठव्यातलं जास्त जगतं.

अशी किती दिवस तारीख पुढे जाते? जवळजवळ निम्म्या बायका पहिल्या आठवड्यातच बाळंत होतात. तुमचा आठवडा संपत आला आहे, म्हणजे पहिली मोठी चाळणी तुम्ही पार करत आहात. पण दोन ते पाच आठवड्यांत दहापैकी सात-आठ जणी बाळंत होतात, हेही लक्षात ठेवा. २४ गाठायला तुम्हाला अजून चार आठवडे हवेत. अशक्य नाही, पण त्यावर डोहाळजेवणाची तारीख काढू नका.

काय करता येतं? सांगितलं तर थोडंच आहे. अँटिबायोटिकने संसर्ग लांबतो आणि दिवस मिळतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चार हजारांवर बायकांच्या मोठ्या चाचणीत इरिथ्रोमायसिनचा फायदा दिसला. को-अमॉक्सिक्लॅव घेतलेल्यांच्या बाळांत मात्र आतड्यांचा एक गंभीर आजार जास्त दिसला, म्हणून कोणतं चालू आहे ते नाव विचारून घ्या. आतून बोटाने वारंवार तपासणी नको, त्याने जंतू वर जातात. बाळ वाचवण्याच्या टप्प्यात आलं की फुप्फुसांची इंजेक्शनं देतात. स्टेरॉइडच्या या उपयोगाचा शोध न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या कोकरांवरून लागला आणि १९७२ मध्ये तो माणसांत सिद्ध झाला. पण त्याबद्दल एक गैरसमज नको. आढीत घातलेली कैरी पिकते, मोठी होत नाही. इंजेक्शनाने फुप्फुस पिकतं. जे वाढलंच नाही ते वाढत नाही. म्हणून २० व्या आठवड्यात ‘ते इंजेक्शन आत्ताच द्या’ असा हट्ट धरू नका, त्याची वेळ असते.

शहाळी पाजताय, असं तुम्ही फोनवर म्हणालात. पाजा, तिला आवडत असतील तर. पाणमोट शाबूत असताना पाणी कमी असेल तर भरपूर पिण्याने थोडा फरक पडतो. फुटलेल्या पिशवीत पडत नाही, फुटका माठ भरल्यासारखं होतं. पोटातून सुईने पाणी भरण्याचे प्रयोगही झालेत. नेदरलँड्समधल्या चाचणीत त्याने बाळांचे मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. आणि पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा लावल्यात म्हणालात, त्या कोणी लावल्या? काढा. पाय वर करून पडून राहण्याने पाणी थांबत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. तिला बाथरूमला चालत जाऊ द्या, खुर्चीत बसू द्या. खिडकी आहे का त्या खोलीत?

इथवर बाळाचं झालं. तुमच्या पत्रात पत्नीच्या जिवाबद्दल एक ओळही नाही. त्यासाठी तुम्हाला दोष देत नाही. सगळेच ठोक्यांकडे बघत असतात. पण फुटलेली पिशवी हे उघडं दार आहे. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात १२ टक्के बायकांच्या रक्तात संसर्ग पसरला, आणि दोघी दगावल्या. तिथे, तशा व्यवस्थेत.

मूळची बेळगावची सविता हलप्पनवार तुम्हाला आठवते का? ३१ वर्षांची, दातांची डॉक्टर, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहणारी. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ व्या आठवड्यात तिची पाणमोट फुटली. गर्भ टिकणार नाही हे उघड होतं. तिने गर्भपात मागितला. बाळाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला. आठवड्याच्या आत रक्तात जंतू पसरून ती गेली. तिच्यामुळे त्या देशात २०१८ मध्ये सार्वमत होऊन राज्यघटना बदलली. तुम्हाला घाबरवायला हे सांगत नाही. ‘ठोके चांगले आहेत’ याचा अर्थ ‘आई सुखरूप आहे’ असा होत नाही, एवढंच त्यातून घ्या.

आपला कायदा तसा नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. सज्ञान बाईची संमती तिची एकटीची लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही, काही दवाखाने मागतात ते सवयीने. आईचा जीव वाचवायला गर्भ तातडीने काढावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. एरवी २० आठवड्यांपुढे २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं मत आणि नियमात दिलेली कारणं लागतात. म्हणून थांबायचं की नाही हा विषय ‘बघू पुढच्या सोमवारी’ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. थांबणं हाही एक निर्णय आहे. तो तिने समजून घेतलेला असावा.

सकाळ-संध्याकाळ ताप आणि नाडी कागदावर लिहा. फोनवर हेच सांगितलं होतं, पुन्हा सांगते. १००.४ च्या वर ताप, नाडी शंभराच्या वर, थंडी वाजणं, पाण्याला घाण वास किंवा हिरवट-पिवळा रंग, पोट दाबलं की दुखणं, कळा, रक्त: यातलं एकही दिसलं तर मध्यरात्र असली तरी सिस्टरना उठवा. पुढे कदाचित डॉक्टर घरी सोडतीलही. बाळ वाचवण्याचा टप्पा लांब असेल आणि संसर्ग नसेल तर तसं करतात. तेव्हा हा कागद घरीही चालू राहू दे.

आता ते बाहेरच्या बोलण्याचं.

वीसेक वर्षांपूर्वी मीही हेच करत असे. नवऱ्याला दारापाशी न्यायचं, आवाज खाली करून टक्के सांगायचे, ‘बघा, तुम्ही घरात बोला’ म्हणायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. एक बाई होती, २१ आठवड्यांना पाणी गेलेलं. तीन दिवस मी तिच्या नवऱ्याशी असं बोलले. चौथ्या दिवशी मी तिची नाडी बघत होते तेव्हा ती म्हणाली, ‘डॉक्टर, पडदा जाड नाहीये.’ तीन दिवस ती सगळं ऐकत होती. नवरा आत येऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणायचा आणि ती त्याच्यासाठी हसायची. ‘मतिमंद’ म्हणजे काय, ‘यंत्रावर’ म्हणजे किती दिवस, बाळाला दुखतं का, असे तिचे नऊ प्रश्न होते. चादरीची घडी करत करत तिने ते विचारले, एकेका घडीला एक. मला त्यातल्या दोनांची उत्तरं देता आली नाहीत, ते तिला सांगितलं. त्या दिवसापासून मी बाहेर बोलणं बंद केलं.

तिचं बाळ २५ व्या आठवड्यात झालं, मुलगी, ७४० ग्रॅम. ऊब राहावी म्हणून अशा बाळाला जन्मताच गळ्यापर्यंत पॉलिथिनच्या पिशवीत घालतात, पुसत बसत नाहीत. आई तिथूनच बघत होती आणि तिला ते आधीच माहीत होतं, म्हणून ती किंचाळली नाही. मुलीचं डावं पाऊल आत वळलेलं होतं, पाण्यात हलायला जागा न मिळाल्यामुळे. ८३ दिवस ती आमच्याकडे होती. मेंदूत थोडा रक्तस्राव झाला, जिरला. डोळ्यांना लेझर करावं लागलं. पावलाला प्लास्टर घालत घालत ते सरळ झालं. आता ती कॉलेजात आहे. चष्म्याचा नंबर मोठा आहे, पावसाळ्यात श्वासासाठी पंप घ्यावा लागतो, गणितात काठावर पास झाली. ‘नॉर्मल’ का, असं तुम्ही विचारलंत. तुम्हीच सांगा.

त्याच वर्षी दुसऱ्या एका बाईचं बाळ ३१ आठवड्यांचं जन्मलं, वजन चांगलं दीड किलो, आणि अर्ध्या तासात गेलं. तिचं पाणी १७ व्या आठवड्यात गेलं होतं. दोन तारखा म्हणाले ते हेच. त्या बाईला घरच्यांनी बाळ दाखवू दिलं नाही, ‘जीव लावून बसेल’ म्हणून. जीव तिने पाच महिने आधीच लावलेला होता. तुमच्यावर तशी वेळ आली, तर यंत्रं लावायची की नाहीत आणि बाळ तिच्या कुशीत ठेवायचं का, हे आधी तिला विचारून ठेवा. तिथल्या तिथे ठरवायला कोणाचं डोकं जाग्यावर नसतं.

पुढच्या चार-पाच दिवसांत करायची कामं. मोठ्या नवजात विभागाशी आत्ताच बोलून ठेवा: किती आठवड्यांचं बाळ घेता, व्हेंटिलेटर नेहमी मिळतो का, नायट्रिक ऑक्साइड आहे का. २३-२४ च्या सुमाराला बाळ पोटात असतानाच तिला तिथे हलवायचं. आईच्या पोटाइतकी चांगली अॅम्ब्युलन्स अजून निघालेली नाही. जन्मल्यावर घाटातून नेलेली बाळं मी पाहिली आहेत. खासगीत दिवसाला काही हजार जातात आणि असं बाळ ठरलेल्या तारखेच्या आसपास घरी येतं, म्हणजे अडीच-तीन महिने धरा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजाताचे उपचार मोफत आहेत, आणि महात्मा फुले योजनेत तुमच्या खासगी रुग्णालयाचं नाव आहे का ते आधी विचारा, बाळ पेटीत गेल्यावर नाही. घरी आल्यावरचंही थोडं माहीत असू दे. डोळ्यांची पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत, मग कान, मग दर काही महिन्यांनी विकासाची तपासणी. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात लवकर हस्तक्षेप केंद्र असतं आणि तिथले फिजिओथेरपिस्ट पुष्कळदा खासगीपेक्षा जास्त वेळ देतात.

तुम्ही खोटं बोलताय ते प्रेमाने, हे मला दिसतंय. पण त्या ‘हो, थोडं’चा हिशेब करा. ती रोज थोडं थोडं वाढवून आता तीन-चार सेंटीमीटरवर पोहोचली असेल. आणि एक दिवस तिला ताप आला, गर्भ काढायला सही करायची वेळ आली, तर ती का करेल? तिच्या हिशेबाने पाणी वाढतंय. धीर सुटेल म्हणता, तर सुटू दे थोडा वेळ. रडेल. तुमच्या आईला त्या वेळी खोलीबाहेर चहाला पाठवा.

उद्या डॉक्टरांच्या राउंडआधी पलंगाशेजारी दोन खुर्च्या ठेवा. एक तुमची, एक त्यांची. उभा डॉक्टर दाराकडे बघत बोलतो, मी स्वतः तशीच होते. त्यांना म्हणा, आमच्या दोघांसमोर सांगा. कागदावर तिच्या हाताने प्रश्न लिहून ठेवू दे, तुमच्या नको. आणि राउंडच्या आधीच तिने नेहमीसारखं ‘पाणी वाढलं का?’ विचारलं, तर म्हणा, ‘नाही वाढलं. दीडच आहे, पहिल्यापासून. मी खोटं सांगत होतो. डॉक्टर अकराला येतायत, तू विचार.’